शेड्यूल वनला नाव लागेपर्यंत

तुम्हाला कुणी कधी "आमच्या संस्थेवर विश्वस्त म्हणून या ना, फार काम नसतं, महिन्याला एक मीटिंग" असं म्हटलं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मला असंच म्हटलं होतं. त्यानंतर माझं नाव कागदावर लागायला जवळपास चौदा महिने गेले, आणि त्या काळात मला एकही माणूस असा भेटला नाही ज्याने आधी बसून सांगितलं असतं की पुढे काय काय येणार आहे. म्हणून तारखांसकट लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची संस्था लहान आहे. नाशिकला पंचवटीत पेठरोडच्या बाजूला भाड्याची एक खोली, तिथे संध्याकाळी साडेपाच ते साडेसात अभ्यासिका चालते. पहिली ते आठवीची अडतीस-चाळीस मुलं. बहुतेकांचे आईवडील पेठ-सुरगाण्याकडून बांधकामावर आलेले, काही द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी-निफाडला जातात आणि मुलं आजीपाशी राहतात. शिकवायला दोन ताई आहेत, त्यांना मानधन आहे, बाकी आम्ही सगळे शनिवार-रविवारवाले. मी अंबडला एका कंपनीत पर्चेसला आहे आणि सहा वर्षं शनिवारी गणित घेत होते. संस्थेचे कागद कुठे असतात हे मला माहीतही नव्हतं, कारण अण्णा होते.

अण्णा खजिनदार. ११ फेब्रुवारी २०२४ ला रविवारी पहाटे झोपेतच गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी अभ्यासिकेत बसून पावत्या लावत होते, मी समोरच होते.

दशक्रियेला रामकुंडावर गेलो तेव्हा आमच्या सचिव मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, आता तू ये गं कमिटीवर. हिशोब तुला कळतो." मी हो म्हटलं. त्या दिवशी नाही म्हणणं शक्यच नव्हतं आणि मला म्हणायचंही नव्हतं.

माईंनी (अण्णांच्या मिसेस, आम्ही सगळे त्यांना माईच म्हणतो) आठवड्याने एक पिशवी दिली. त्यात पावतीबुकं, चेकबुक, रबर लावलेला कागदांचा गठ्ठा आणि एक छोटी निळी डायरी. डायरीत प्रत्येक मुलाचं नाव आणि पुढे एक आकडा. मला वाटलं मार्क आहेत, म्हणून विचारलं, तर माई म्हणाल्या, अगं चपलेचे नंबर ते. दरवर्षी जूनच्या आधी अण्णा मुलांना वर्तमानपत्रावर उभं करायचे, पेन्सिलने पाय आखायचे आणि मेनरोडवरून सगळ्यांना पावसाळी चपला आणायचे. मी सहा वर्षं त्या चपला मुलांच्या पायात बघत होते आणि त्या कुठून येतात हे कधी विचारलं नव्हतं.

तर आता मुख्य गोष्ट.

बँकेत खात्यावर तिघांच्या सह्या होत्या, तिघांपैकी कुठल्याही दोघांची सही चालेल असं. अण्णा, मॅडम आणि अध्यक्ष सर. अण्णा गेले. सरांना डिसेंबरात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, ते पुण्याला मुलाकडे होते, उजवा हात नीट चालत नव्हता. मार्चच्या भाड्याचा चेक सरांकडे पाठवला, त्यांनी कशीबशी सही केली, आणि बँकेने तो परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. खात्यात दोन लाख नव्वद हजार होते आणि आम्हाला साडेसात हजार भाडं देता येत नव्हतं.

बँकेत गेले तर काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, नवीन सही लावायची तर धर्मादायचं शेड्यूल वन आणा, त्यात तुमचं नाव पाहिजे. शेड्यूल वन म्हणजे परिशिष्ट एक, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टची नोंदणी असते, तिथल्या नोंदवहीचा तो उतारा ज्यात संस्थेचं नाव, पत्ता, मालमत्ता आणि विश्वस्तांची नावं असतात. जमिनीला जसा सातबारा तसा ट्रस्टला हा कागद. सभा घेऊन टाळ्या वाजवून तुम्हाला निवडलं तरी बँकेसाठी, इन्कम टॅक्ससाठी, देणगीदार कंपनीसाठी तुम्ही विश्वस्त होता ते या कागदावर नाव लागल्यावरच. आणि नाव लागण्यासाठी बदल अर्ज करावा लागतो, ज्याला सगळे तोंडाने चेंज रिपोर्टच म्हणतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२. बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा. हे कलम आता मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

पहिली चूक आम्ही लगेचच केली. ३ मार्चला रविवारी घाईघाईने मीटिंग घेतली, व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकून, आणि नवीन कमिटी निवडून मोकळे झालो. मग एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो, ट्रस्टचीच कामं करतात, द्वारकेजवळ ऑफिस आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची घटना कुठाय?" संस्थेची घटना म्हणजे नियमावली. ती अण्णांच्या गठ्ठ्यातच होती, आमच्यापैकी कुणी कधी वाचली नव्हती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की निवड सर्वसाधारण सभेत होईल, सभेची लेखी नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागेल आणि कार्यकारी मंडळाची मुदत पाच वर्षं. म्हणजे ३ मार्चचं सगळं बाद. कुणाच्या संस्थेवर जायचं ठरलं तर सगळ्यात आधी घटना मागून घ्या आणि घरी नेऊन सावकाश वाचा. गणसंख्या (सभेला कमीत कमी किती सभासद हजर हवेत) किती, नोटीस किती दिवसांची, मुदत कधी संपते, एवढं तरी वहीत उतरवून ठेवा.

मग रीतसर केलं. १४ मार्चला विषयपत्रिकेसह नोटीस काढली, प्रत्येक सभासदाकडे जाऊन नोटीस वहीवर पोच म्हणून सही घेतली, जे बाहेरगावी होते त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पावत्या जपून ठेवल्या. सभा ३१ मार्चला ठेवली, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. अर्ध्या लोकांच्या कानामागे अजून रंग होता. एकवीस सभासदांपैकी सतरा आले, हजेरीवर सह्या झाल्या, अण्णांना श्रद्धांजलीचा ठराव झाला, मग निवड. सात जणांची कमिटी, मी खजिनदार. इतिवृत्त मॅडमनी तिथेच बसून लिहिलं, बांधीव वहीत, पानांना नंबर टाकून. सुट्या कागदावर लिहून नंतर चिकटवायची सवय असेल तर ती सोडा, सुनावणीत मूळ वही दाखवायला सांगतात.

आणि मग खरा धक्का बसला. वकीलसाहेबांनी आमच्या शेड्यूल वनची नक्कल काढली, तर त्यावर २०१४ ची कमिटी! २०१९ च्या निवडणुकीचा चेंज रिपोर्ट कधी दिलाच गेला नव्हता. अण्णांना वाटत होतं तेव्हाच्या वकिलांनी दिलाय, त्यांना वाटत होतं संस्था कागद आणून देणार आहे, आणि ती फाइल तशीच पडून राहिली. दोष कुणाचा हे शोधण्यात आम्ही दोन मीटिंगा घालवल्या आणि त्यात हाती काहीच लागलं नाही. साखळीतली एक कडी नसेल तर पुढची लावता येत नाही. म्हणजे आधी २०१९ चा रिपोर्ट, सोबत विलंब माफीचा अर्ज, आणि मग २०२४ चा.

त्या रात्री मी खरंच रडले. नोकरी, घर, मुलाची दहावी नुकतीच संपलेली, आणि हे कशाला अंगावर घेतलं असं झालं. नवरा म्हणाला, सोडून दे, सांग त्यांना जमत नाही म्हणून. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मी गणित घ्यायला गेले, आणि मोठ्या ताई मला म्हणाल्या, "मॅडम, दोन महिने पैसे नाही मिळाले तरी मी येईन, पण तिसऱ्या महिन्याला मला धुणीभांडी धरावी लागतील." बारा वर्षं शिकवतायत त्या. सोडायचा विचार तिथेच संपला.

पैशांचं काय केलं ते सांगते, कारण ही अडचण बऱ्याच जणांना येते. आम्ही सात जणांनी ठरवलं की महिन्याचा खर्च, दोघी ताईंचे सहा-सहा हजार, भाडं साडेसात आणि खाऊचे साधारण चार हजार, आपण काढायचा आणि खातं सुटलं की परत घ्यायचा. सीएंनी ताबडतोब थांबवलं. म्हणाले, परत घ्यायचं म्हटलं की ते ट्रस्टने घेतलेलं कर्ज झालं, आणि ट्रस्टसाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. देणगी म्हणून द्या, पावती फाडा, विसरून जा. तसंच केलं. रोख दिले कारण खात्यात भरले असते तर तेही अडकले असते. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये मिळणारी, सवलत मिळत नाही, ती आम्हाला मिळाली नाही. ठीक आहे. पण जूनमध्ये चपलांसाठी कुणाच्याच खिशात काही उरलं नव्हतं. २०२४ च्या पावसाळ्यात मुलांना चपला मिळाल्या नाहीत. एक तिसरीतली मुलगी रोज दारात येऊन विचारायची, "बाबा चपला घेऊन कधी येणार?" अण्णांना ती बाबा म्हणायची. हे मला अजून आठवतं आणि अजून वाईट वाटतं.

मध्येच मे महिन्यात फॉर्म १०बीडीचं निघालं. ८०जी असलेल्या संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर भरायची असते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पोर्टलवर मोबाइल नंबर अण्णांचा, ओटीपी त्यांच्याच फोनवर जाणार. माईंना फोन केला. त्यांनी तो फोन रोज चार्ज करून ठेवला होता, देवाजवळ. मी इकडे लॉगिन करतेय आणि त्या तिकडून एकेक आकडा वाचून दाखवतायत. पहिलं काम नंबर आणि ईमेल बदलायचं केलं, मग सरांच्या नावाने फॉर्म गेला. तुमच्या संस्थेत सगळे ओटीपी एकाच माणसाच्या फोनवर जात असतील तर आजच दुसरा नंबर जोडा. संस्थेच्या नावाने एक साधं सिम घ्या, ते कुणा एकाच्या घरी राहू नये.

दोन्ही रिपोर्ट ६ मेला दाखल झाले. नव्वद दिवस तसे जूनअखेरपर्यंत होते, पण वकीलसाहेब म्हणाले की अण्णांच्या मृत्यूच्या तारखेपासून मोजलं तरी बसलं पाहिजे, ११ मेच्या आत देऊ. कागद काय काय लागले तर प्रत्येक नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र आणि ओळखपत्र, दोन्ही सभांच्या नोटिसा, पोच, हजेरी, इतिवृत्ताच्या प्रती, घटनेची प्रत, अण्णांचा मृत्यूचा दाखला, २०१४ च्या यादीतले आणखी एक जण वारले होते त्यांचाही दाखला (तो मिळवायला त्यांच्या मुलीच्या मागे मालेगावपर्यंत गेले), आणि एक जण कॅनडात गेलेले त्यांचा राजीनामा. त्यांचा मूळ राजीनामा सापडेना. ईमेलवर उत्तर लगेच आलं पण सहीचा कागद पोस्टाने यायला पाच आठवडे लागले. कुणी संस्था सोडून जात असेल तर त्याच दिवशी राजीनामा लेखी घ्या, तारखेसह, आणि तो मंजूर झाल्याचा ठराव करा. वाईट दिसतं असं वाटून आपण मागत नाही.

अर्ज देणाऱ्याला अहवाल देणारा विश्वस्त म्हणतात, त्या मॅडम होत्या. त्यांचं सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे लेखी साक्ष, झालं. पहिली तारीख २४ जूनला लागली, त्यात कॅनडाच्या कागदाची त्रुटी निघाली. ५ ऑगस्टला तो दिला. मी प्रत्येक तारखेला हाफ डे टाकून गेले. बोलायचं काही नसायचं, बाकावर बसायचं. आमच्यासारखेच लोक असायचे, कुणी देवस्थानचे, कुणी शाळेचे, एक आजोबा व्यायामशाळेचे, सगळ्यांच्या मांडीवर तीच लाल फितीची फाइल. मॅडमना शुगरचा त्रास, मी डब्यात धिरडी न्यायचे. बरोबर कुणीतरी असावं, एकट्याने जाऊ नये, एवढंच सांगते.

२३ सप्टेंबरला विलंब माफ झाला, दोन हजार रुपये खर्च भरायच्या अटीवर. ते पब्लिक ट्रस्ट अॅडमिनिस्ट्रेशन फंडात भरले. ९ डिसेंबरला २०१९ चा रिपोर्ट मंजूर, २० जानेवारी २०२५ ला २०२४ चा. मला वाटलं झालं. पण आदेशावर अपिलाची ६० दिवसांची मुदत असते, ती संपल्यावर नोंद घेतली गेली. २ एप्रिलला शेड्यूल वनची नक्कल हातात आली. त्यात माझं नाव होतं, सातवं.

सगळा मिळून खर्च वीस हजार चारशे झाला. त्यात वकीलसाहेबांचे पंधरा हजार, त्यांनी मुलांची संस्था म्हणून कमी घेतले हे मला माहितीय. बाकी विलंब माफीचे ते दोन हजार, नोटरी, झेरॉक्स, पोस्ट, नकला. हाही आम्ही सातजणांनीच वाटून घेतला.

एक गोष्ट उशिरा कळली ती सांगायलाच हवी. सरांची सही बदलली होती, पण सर शेड्यूल वनवर विश्वस्त होतेच ना. म्हणजे त्यांची नवीन नमुना सही लावायला चेंज रिपोर्टची गरजच नव्हती. हे आम्हाला ऑगस्टमध्ये बँकेतल्या दुसऱ्याच एका अधिकाऱ्यांनी सांगितलं. सर मुलासोबत पुण्याहून गाडीने आले, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं, डाव्या हाताने सही केली, आठ दिवसांत खातं चालू. सर आणि मॅडम, दोन सह्या झाल्या. मार्चमध्ये आधीच्या काउंटरवर हे कुणी सांगितलं असतं किंवा आम्ही नीट विचारलं असतं तर मुलांचा पावसाळा गेला नसता. बँकेत "नवीन सही लावायचीय" एवढंच विचारू नका, "आत्ता आहेत त्यांच्यापैकी कुणाच्या सहीने काम चालू शकेल" असं विचारा, आणि उत्तर नाही आलं तर मॅनेजरना लेखी द्या.

वाट बघत असताना आम्ही एक काम केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सातही जण बसून मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लिहिले. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलाबाबत लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवत असेल तर त्याला वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. विश्वस्त झालो म्हणजे हे आपल्याकडे येतं. तर ठरवलं की खोलीत मुलांबरोबर एकटा मोठा माणूस थांबणार नाही, नव्या स्वयंसेवकाचं पोलीस व्हेरिफिकेशन होईल, १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहायचा, आणि देणगीदारांना मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पाठवायचे नाहीत. यावर भांडण झालं. आमच्यातले एक काका म्हणाले, फोटो नाही तर पैसे कोण देईल? एका देणगीदाराने खरोखर बंद केलं. तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण ती मुलं उद्या मोठी होतील, नोकरीला लागतील, तेव्हा कुणीतरी त्यांचा हात पसरलेला फोटो काढून दाखवू नये.

१५ एप्रिलला बँकेत माझी नमुना सही झाली. मे महिन्यात नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद असते) नव्या विश्वस्तांचे पॅन टाकले, १०बीडी यावेळी वीस तारखेलाच भरला. ऑडिट ३० सप्टेंबरच्या आत द्यायचंय, त्याची व्हाउचर्स लावायला घेतलीयत.

जूनच्या पहिल्या शनिवारी गणित घेतलं नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, मुलांना एकेक करून उभं केलं. निळ्या डायरीतला एकही नंबर जुळेना, दोन वर्षांत सगळ्यांचे पाय वाढलेले. ती तिसरीतली आता चौथीत गेली. तिचा पाय आखताना गुदगुल्या झाल्या म्हणून तिने दोनदा उचलला, मग मोठ्या ताईंनी धरून ठेवला. एक्केचाळीस जोड झाले. मेनरोडच्या दुकानदाराला चेक चालेल का विचारलं तर तो म्हणाला, अण्णांच्या संस्थेचा ना, चालेल. चेकवर मॅडमची आणि माझी सही. बिल संस्थेच्या नावाने घेतलं आणि त्याच दिवशी व्हाउचरला लावलं.